पाच खाचांची बरणी

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ओट्यावर ओळीने मांडलेल्या काचेच्या छोट्या बरण्या दिसतात. पहिल्या दोन-तीन पाण्यासारख्या स्वच्छ, मधली एक गडद जांभळी, पुढची एक भगवी-गुलाबी, मग पुन्हा स्वच्छ. प्रत्येकीवर काचेचं झाकण, आणि झाकण उचललं की नाकाला झोंबणारा वास. या बरणीला कॉप्लिन जार म्हणतात. उंची जेमतेम हाताच्या पंजाएवढी, आत साधारण 50 मिलिलिटर द्रव मावतो. तळाचा भाग पसरट असतो, त्यामुळे धक्का लागला तरी ती सहज कलंडत नाही. महत्त्वाची गोष्ट मात्र आत आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींवर वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा काढलेल्या असतात. त्या खाचांत सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड मांडणीतल्या ताटांसारख्या उभ्या राहतात, एकमेकींना न टेकता. एका बरणीत पाच स्लाइड मावतात. पाठीला पाठ लावून ठेवल्या तर दहा.

या पाच किंवा दहा स्लाइड बहुधा वेगवेगळ्या माणसांच्या असतात. कुणाच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा, कुणाच्या अपेंडिक्सचा, कुणाच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याचा. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं इथे एकाच रंगात, काही मिलिमीटरच्या अंतरावर उभी असतात. सगळ्यांना सारखा रंग, सारखा वेळ मिळावा आणि तरीही एकाचं दुसऱ्यात काही मिसळू नये, ही या बरणीची दुहेरी जबाबदारी आहे. पहिली ती फार उत्तम पार पाडते. दुसरी तिच्या एकटीच्या आवाक्यातली नाही. तिथे माणसाला जागरूक राहावं लागतं. पॅथॉलॉजीतली बरीचशी शिस्त या दुसऱ्या जबाबदारीतून आलेली आहे.

खाचांची बरणी बनवायची तर आधी स्लाइडचा आकार ठरलेला हवा. सूक्ष्मदर्शक आले तेव्हा जो तो आपल्या सोयीने काच कापत असे. लंडनमध्ये 1839 साली मायक्रोस्कोपिकल सोसायटीची स्थापना झाली आणि तिने तीन इंच लांब, एक इंच रुंद हे माप प्रमाण म्हणून पुढे आणलं. आज आपण ते 76 बाय 26 मिलिमीटर असं सांगतो, जाडी सुमारे एक मिलिमीटर. त्या एका निर्णयावर पुढचं सगळं उभं राहिलं. सूक्ष्मदर्शकाचा मंच, स्लाइड ठेवायचे डबे, पाठवायची पाकिटं आणि या बरणीतली खाच, सगळं त्याच मापाला बांधलेलं आहे. नागपूरच्या प्रयोगशाळेत रंगवलेली स्लाइड टोरांटोच्या सूक्ष्मदर्शकाखाली विनातक्रार बसते ती त्यामुळेच.

मुळात रंगवायचं कशासाठी? शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या पातळ कापातून प्रकाश जवळजवळ अडथळ्याविना पार जातो. पेशी असतात, पण दिसत नाहीत. केंद्रक कुठे संपतं आणि पेशीद्रव कुठे सुरू होतं ते कळत नाही. रंग दिला की पेशीतले वेगवेगळे भाग तो वेगवेगळ्या प्रमाणात धरून ठेवतात आणि जे एकसारखं दिसत होतं त्यात फरक उमटतो.

हे तंत्र रुळवण्याचं श्रेय बहुतेक जण जर्मनीतल्या एर्लांगेनच्या योझेफ फोन गेर्लाख या शरीररचनाशास्त्रज्ञाला देतात. 1858 मध्ये त्याने कारमाइन या रंगाचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कारमाइन म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग. दाट रंग थोडा वेळ लावण्यापेक्षा पातळ रंगात ऊती बराच वेळ ठेवली तर केंद्रकं छान उठून दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे रंगापेक्षा रंगात राहण्याचा काळ महत्त्वाचा ठरला. आणि बराच काळ राहायचं तर ज्यात राहायचं ते भांडंही नीट हवं.

त्याच सुमारास, 1856 मध्ये, इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुणाने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. कापड रंगवण्यासाठी निघालेले हे रंग काही वर्षांतच जर्मन वैद्यकशाळांत पोचले. पाउल एर्लिखने 1878 चा आपला प्रबंधच ऊती रंगवण्याच्या शास्त्रावर लिहिला. रॉबर्ट कोखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हाती मेथिलिन ब्लू होता.

कोखची मूळ कृती वाचताना त्या काळच्या अडचणी डोळ्यांसमोर येतात. 200 घनसेंटिमीटर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात मेथिलिन ब्लूचं अल्कोहोलमधलं दाट द्रावण फक्त 1 घनसेंटिमीटर, आणि 10 टक्के पोटॅशचं द्रावण 0.2 घनसेंटिमीटर. या फिक्या निळ्या पाण्यात नमुना 20 ते 24 तास ठेवायचा. 40 अंशांपर्यंत ऊब दिली तर अर्ध्या ते एका तासात भागायचं. मग व्हेसुव्हिन नावाचा तपकिरी रंग द्यायचा. आजूबाजूची ऊती तपकिरी होई आणि क्षयाचे जंतू निळेच राहत. त्या काळी थुंकी किंवा पू बहुधा पातळ कव्हरस्लिपवर पसरत आणि ती कव्हरस्लिप घड्याळाच्या काचेसारख्या उथळ वाटीत रंगावर ठेवत. एका वाटीत एक नमुना. वाटी उघडी, रंग सुकून कण पडायचे. संशोधकाला दिवसाकाठी काही नमुने पाहायचे असत, त्याला हे चालून जाई. रुग्णालयात रोजचे रुग्ण तपासायचे म्हटल्यावर ते चालण्यासारखं नव्हतं.

ही गरज ओळखणाऱ्यांपैकी एक होता विल्यम मायकेल लेट कॉप्लिन. 1864 मध्ये जन्मलेला हा अमेरिकन डॉक्टर फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचा प्राध्यापक होता. 19व्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नावाची ही बरणी वापरात आली. त्याने पाठ्यपुस्तक लिहिलं, विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकवल्या, शहराच्या आरोग्य खात्याचं काम पाहिलं, आणि 1928 मध्ये तो गेला. त्याचं नाव आज जगभर रोज घेतलं जातं ते मात्र या बरणीमुळे. ‘कॉप्लिन दे’ असं म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला हे माणसाचं नाव आहे याची बहुधा कल्पनाही नसते. एखाद्या अध्यापकाच्या वाट्याला याहून उपयोगी स्मारक क्वचितच येत असेल.

या बरणीची भावंडंही आहेत. हेलेनडाल जारमध्ये आठ किंवा सोळा स्लाइड मावतात. शिफरडेकर जार हा आणखी एक जर्मन प्रकार. कोलंबिया जार अगदी लहान, कव्हरस्लिप उभ्या ठेवण्यासाठी. रोज शेकड्यांनी स्लाइड रंगवणाऱ्या ठिकाणी आयताकृती ट्रफ असतात, त्यांत वीस-तीस स्लाइडचा रॅक कडीला धरून एकदम बुडवतात. नावं निराळी, कल्पना एकच: स्लाइड उभी, सुटी आणि तिच्यावरचा नमुना पूर्ण बुडालेला.

उभं ठेवण्याचा फायदा साधा आहे, पण मोठा आहे. आडव्या स्लाइडवर ड्रॉपरने रंग ओतला तर रंगातले न विरघळलेले कण खाली बसतात, ते नेमके नमुन्यावर. पाहणाऱ्याला ते कधी जंतूसारखे भासतात, कधी रंगद्रव्यासारखे. उभ्या स्लाइडवरून कण तळाला जातात. शिवाय ओतलेला रंग कडेने सुकू लागतो आणि कडेच्या पेशी मधल्यांपेक्षा गडद होतात. बरणीत कड आणि मध्य असा भेद राहत नाही. पाच स्लाइडपैकी एक मुद्दाम ‘कंट्रोल’ म्हणून ठेवता येते. जिच्यात काय दिसायला हवं ते आधीच माहीत आहे, अशी ती स्लाइड. ती नीट रंगली असेल तर शेजारच्या चारही विश्वासार्ह. तिच्यात काही बिघडलं असेल तर चारही पुन्हा करायच्या. सगळ्यांना एकच रंग, एकच वेळ मिळाल्याशिवाय ही तुलना करता आली नसती.

आता त्या ओळीतून एकदा सावकाश जाऊ. जगात सर्वात जास्त वापरला जाणारा रंग म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनची जोडी. तंत्रज्ञ तिला नुसतं ‘एच अँड ई’ म्हणतात. पहिल्या बरण्यांत झायलिन असतं. काप मेणात काढलेला असल्याने आधी मेण विरघळवावं लागतं, नाहीतर पाण्यातले रंग आत शिरतच नाहीत. झायलिन मेण काढतं, पण ते पाण्यात मिसळत नाही. म्हणून मध्ये अल्कोहोल, कारण ते दोघांशीही जमवून घेतं. आधी निव्वळ अल्कोहोल, मग 90 टक्के, मग 70 टक्के, मग पाणी. पायरीपायरीने उतरायचं, म्हणजे नाजूक कापाला एकदम धक्का बसत नाही आणि तो काचेवरून सुटत नाही.

मग जांभळी बरणी. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड नावाच्या झाडाच्या गाभ्यापासून मिळतं. ते थेट पेशीला धरत नाही, त्याला मध्ये तुरटी लागते. कापड रंगवताना रंगारी तुरटी वापरतात, त्याच कारणासाठी. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने रंगाला आणि दुसऱ्या हाताने केंद्रकातल्या डीएनएला धरून ठेवतं. तुरटीचा हा उपयोग 1865 मध्ये ब्योमरने दाखवला. आज बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी हॅरिसची कृती 1900 मधली आहे. काही दिवस उभ्या राहिलेल्या या बरणीचं झाकण काढलं तर पृष्ठभागावर मोरपंखी, धातूसारखी चमकणारी साय दिसते. ती गाळून काढायचीच. तसंच ठेवलं तर वर येणाऱ्या प्रत्येक स्लाइडवर तिचे निळे-काळे ठिपके चिकटतात.

पाच-दहा मिनिटांनी स्लाइड बाहेर काढली की काप लालसर जांभळा दिसतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास विचारतो, की पुस्तकात तर केंद्रकं निळी असतात. आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये दोन-तीनदा बुडवून जास्तीचा रंग काढतात आणि मग स्लाइड पाण्याच्या बरणीत घालून ती बरणी नळाच्या बारीक धारेखाली धरतात. आणि मग डोळ्यांदेखत रंग पालटतो. कडेने सुरू होऊन आतपर्यंत लालसर छटा जाते आणि पाच-दहा मिनिटांत शाईसारखा निळा उतरतो. तुरटीबरोबरचा हा रंग आम्लात लाल आणि अल्कधर्मी पाण्यात निळा असतो. नळाचं पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असतं, तेवढं पुरतं. ज्या गावचं पाणी तसं नसतं तिथे अमोनियाचे दोन थेंब टाकावे लागतात. प्रयोगशाळेचं गाव बदललं की जुन्या तंत्रज्ञाला आधी पाण्याची सवय करून घ्यावी लागते.

इओसिनच्या बरणीत मिनिट-दोन मिनिटं. पेशीद्रव, स्नायू, तंतू, लाल पेशी आपापल्या गुलाबी छटा घेतात. मग आलो त्याच वाटेने परत: अल्कोहोल वाढत्या क्रमाने, शेवटी झायलिन, आणि डीपीएक्स या पारदर्शक चिकटद्रवाच्या थेंबावर कव्हरस्लिप. या परतीच्या वाटेवर घाई झाली तर लगेच कळतं. अल्कोहोलमध्ये पाणी शिल्लक राहिलं असेल तर झायलिनमध्ये घालताक्षणी स्लाइडभोवती दुधासारखा पांढरा ढग उठतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा त्रास नेहमीचा. निव्वळ अल्कोहोल हवेतलं बाष्प शोषतं. झाकण अर्धवट ठेवलेल्या बरणीतलं अल्कोहोल सकाळी निव्वळ असतं, दुपारपर्यंत तसं राहत नाही. रक्ताच्या स्लाइडलाही हाच त्रास होतो. लिशमनचा रंग मिथेनॉलमध्ये असतो, त्या मिथेनॉलने पाणी घेतलं की लाल पेशींवर चमकदार, कुरतडल्यासारखी भोकं दिसू लागतात. नवखा ती मलेरियाशी जोडू पाहतो. अनुभवी माणूस आधी बाटलीचं बूच पाहतो. म्हणून काचेचं ते साधं झाकण मला बरणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. झायलिनची वाफ डोकं दुखवते, रोज आठ तास ती नाकात जाणं बरं नाही, हे आणखी एक कारण.

बरण्यांतले द्रव रोज सगळे फेकून देत नाहीत. झायलिनच्या तीन बरण्या असतील तर मेण सगळ्यात जास्त पहिलीत जमतं. ती रिकामी करतात, दुसरी पहिलीच्या जागी येते, तिसरी दुसरीच्या, आणि शेवटी ताजी भरतात. सर्वात स्वच्छ द्रव नेहमी शेवटी. किती स्लाइड गेल्या याची नोंद बरणीशेजारच्या कागदावर असते. चांगल्या प्रयोगशाळेत तो कागद भरलेला दिसतो.

नंबराचंही असंच. स्लाइडच्या दुधी टोकावर रुग्णाचा क्रमांक शिशाच्या पेन्सिलीने लिहायचा. बॉलपेनची किंवा मार्करची शाई अल्कोहोल आणि झायलिनमध्ये विरघळून जाते, आणि बरणीतून पाच निनावी स्लाइड बाहेर येतात. सुंदर रंगलेल्या, आणि कुणाच्याच नसलेल्या. ज्यांना पेन्सिलीवरही भरवसा नसतो ते हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने काचेवरच कोरतात. स्लाइड बरणीत उतरवतानाही हे टोक वर ठेवायचं, द्रवाबाहेर. पाठीला पाठ लावून दहा ठेवताना मोकळ्या बाजू एकमेकींना लागल्या पाहिजेत आणि काप बाहेरच्या तोंडाला. उलट झालं तर काप एकमेकांवर दबतात, मध्ये रंग शिरत नाही आणि एखाद्याचा तुकडा दुसऱ्याच्या काचेवर जाऊन बसतो.

तुकडा असा दुसरीकडे जाणं ही या बरणीची खरी दुखरी जागा आहे. खाच स्लाइडना टेकू देत नाही, पण द्रव सगळ्यांचा एकच. एका कापातून सुटलेली चिमूटभर ऊती रंगात तरंगते आणि पुढच्या बॅचच्या स्लाइडवर चिकटते. पॅथॉलॉजिस्ट तिला ‘फ्लोटर’ म्हणतात. बहुतेक वेळा ते ओळखता येतं. आतड्याच्या कापाशेजारी थायरॉइडचा तुकडा दिसला तर तो इथला नाही हे उघड असतं. शिवाय तो मूळ कापाच्या थोडा वर बसलेला असतो, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवला की दोघं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. पण प्रोस्टेटच्या निरोगी कापावर दुसऱ्या कुणाच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचा तुकडा आला तर? अशा वेळी मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप काढून पाहतात. तेवढ्याने शंका फिटली नाही तर त्या तुकड्याच्या डीएनएचा ठसा रुग्णाशी ताडून बघता येतो. एका माणसाचं पुढचं आयुष्य ज्या अहवालावर ठरणार, त्याच्या मुळाशी रंग वेळेवर गाळला होता का, एवढा साधा प्रश्न असू शकतो.

क्षयरोगाच्या थुंकीच्या बाबतीत तर धोका इतका मोठा आहे की तिथे ही बरणी वापरूच नये, असा नियम आहे. भारतात थुंकीच्या तपासणीची मोजणी अशी आहे: तेलाच्या भिंगाखाली 100 क्षेत्रं पाहायची, आणि त्यांत 1 ते 9 जंतू दिसले तर ‘स्कँटी’ असा शेरा मोजलेल्या आकड्यासह लिहायचा. म्हणजे शंभर क्षेत्रांत दोन-तीन जंतू दिसले तरी त्याचा अर्थ निघतो. शेजारच्या स्लाइडवर जंतूंचा खच असेल आणि त्यातले चार पोहत या बाजूला आले, तर निरोगी माणसाच्या हातात सहा महिन्यांच्या गोळ्या पडतात. म्हणून झील-नील्सनच्या पद्धतीत स्लाइड सिंकवरच्या दोन सळ्यांवर एकमेकींपासून अंतर ठेवून आडव्या मांडतात. प्रत्येकीवर वेगळा कार्बोल फुक्सिन ओततात, खालून वाफ येईपर्यंत ऊब देतात, उकळू देत नाहीत. मग 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल, मग अर्ध्या मिनिटापुरता मेथिलिन ब्लू. टिपकागद एकीचा दुसरीला लावायचा नाही. तेलाच्या काडीचं टोकही काचेला टेकवायचं नाही, थेंब वरून सोडायचा. पाणीही गाळलेलं किंवा ऊर्ध्वपातित घ्यायचं, कारण नळाच्या पाण्यात क्षयाशी संबंध नसलेले, पण तसेच लाल रंगणारे जंतू असू शकतात. ज्या जंतूमुळे हे रंगांचं शास्त्र इतकं वाढलं, त्याच जंतूपुढे बरणीने माघार घ्यायची असते.

उलट एका तपासणीत ही बरणी रुग्णाच्या अगदी जवळ जाते, बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलापर्यंत. गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरल्या की त्या हवेत सुकायच्या आत, काही सेकंदांत, 95 टक्के अल्कोहोलमध्ये गेल्या पाहिजेत. सुकल्या तर केंद्रक फुगतं, त्याच्या आतली नक्षी पुसट होते, आणि कर्करोगाची पहिली खूण जिथे शोधायची तिथेच धूसर दिसतं. म्हणून पॅप तपासणीच्या खोलीत अल्कोहोल भरलेली कॉप्लिन उघडूनच ठेवतात. डॉक्टरांचा हात स्लाइडवरून फिरला की ती थेट खाचेत. ही तपासणी जॉर्ज पापानिकोलाउ यांची. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक 1943 मध्ये आलं. आपल्याकडे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात एका गटाची तपासणी याच पद्धतीने झाली होती. 2009 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या कर्करोगामागच्या विषाणूची चाचणी अधिक परिणामकारक ठरली. पेशींच्या तपासणीने मृत्यू तितके घटले नाहीत. मला त्यात नवल वाटत नाही. खेड्यातल्या खोलीत पसरलेल्या प्रत्येक काचेमागे वेळेवर अल्कोहोल, नीट रंग आणि सरावलेली नजर, तिन्ही जुळून यावं लागतं.

काचेची जागा काही कामांत प्लॅस्टिकने घेतली. पॉलिप्रोपिलिनच्या बरण्या झायलिनमध्ये बऱ्यापैकी टिकतात, पॉलिस्टायरिनची बरणी मात्र त्यात विरघळू लागते, तेव्हा विकत घेताना हे पाहावं. 1990 च्या दशकात प्रतिपिंडांनी पेशी ओळखायच्या चाचण्या वाढल्या. त्यासाठी काप सायट्रेटच्या द्रावणात गरम करावे लागतात, तिथे प्लॅस्टिकच्या बरण्या मायक्रोवेव्हमध्ये जाऊ लागल्या. गुणसूत्रांवर चमकणारे रंग लावायच्या ‘फिश’ चाचणीत काचेची कॉप्लिन पाणउष्णकात 73 अंशांवर ठेवतात. तिथे खोलीच्या तापमानाची एकेक स्लाइड आत गेली की द्रवाचं तापमान सुमारे एका अंशाने उतरतं. म्हणून एका वेळी चारच्या वर घालत नाहीत. थंड बरणी गरम पाण्यात ठेवली तर तडकते, तीही पाण्याबरोबरच तापवावी लागते. 50 मिलिलिटर हा आकडा अशा वेळी अचानक महत्त्वाचा होतो.

रंगवून, झाकून, वाळवून झालेल्या स्लाइड बरणीत राहत नाहीत. त्या शंभर खाचांच्या डब्यांत आणि मग लाकडी किंवा पोलादी कप्प्यांत वर्षानुवर्षं राहतात, उजेडापासून दूर, कारण उजेडात इओसिन फिकटतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला. असा अभ्यास एका रुग्णाच्या एका स्लाइडवरून होत नाही. वेगवेगळ्या गावांच्या, जातींच्या, सवयींच्या माणसांच्या स्लाइड एकसारख्या रंगलेल्या हव्यात, तरच त्या शेजारी ठेवून काही म्हणता येतं. एकीचा निळा गडद आणि दुसरीचा फिका असेल, तर फरक रोगाचा की बरणीचा हे कसं ठरवणार?

मोठ्या रुग्णालयांत आता स्लाइड रंगवायचं यंत्र असतं. त्याचा हात रॅक उचलून एका ट्रफमधून दुसऱ्यात ठेवतो, घड्याळ चुकत नाही. तरीही बरण्यांची ओळ ओट्यावरून गेलेली नाही. कारण एक तर दुर्मीळ रंग. एखाद्या यकृतात लोह साचलंय का, एखाद्या फुप्फुसात बुरशी आहे का, हे पाहायला दिवसात दोन स्लाइड लागतात. त्यांच्यासाठी यंत्राचा मोठा ट्रफ भरणं परवडत नाही, आणि चांदीच्या क्षारांचे महागडे रंग तर नाहीच.

दुसरं कारण फ्रोझन सेक्शन. शस्त्रक्रियागृहात रुग्ण टेबलावर आहे, भूल दिलेली आहे, सर्जनने गाठ काढली आहे, पण कडेला रोग राहिला का हे कळल्याशिवाय त्याला टाके घालता येत नाहीत. तुकडा खाली येतो. तो मेणात बसवायला वेळ नसतो. उणे 20 अंशांच्या आसपास गोठवून काप काढतात. मेणच नाही म्हणून सुरुवातीचं झायलिन लागत नाही. अल्कोहोल, पाणी, हिमॅटॉक्सिलिन मिनिटभर, नळाची धार, इओसिनमध्ये काही बुडव्या, पुन्हा अल्कोहोल, झायलिन. तंत्रज्ञाच्या एका हातात चिमटा, डोळे स्लाइडवर. इथे घड्याळापेक्षा त्याला रंगाची छटा जास्त सांगते: पुरेशी निळी झाली, आता पुढे. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर फोनवरून वर जायला हवं. एवढ्या एका स्लाइडसाठीच भरलेल्या या बरण्या सकाळी ताज्या केलेल्या असतात, आणि ज्या प्रयोगशाळेत फ्रोझन होतं तिथे त्यांना दुसऱ्या कुठल्याही कामासाठी कुणी हात लावत नाही.